धुऱ्यावर आलेला सौर वारा

संग्रामपूरजवळच्या आमच्या वावराची मोजणी निघाली तेव्हा थोरल्या चुलत भावाशी माझं जवळजवळ तुटलेलंच होतं. दोघांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, मी सरकवला, असं तो गावभर सांगत होता. मी जळगाव जामोदच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून माझी लबाडी शिकलेल्या माणसाची, असंही वर जोडायचा.

मोजणीदारानं काठीवरचं यंत्र धुऱ्यावर उभं केलं. उपग्रहांवरून ते जागा ठरवतं. त्या दिवशी काही केल्या ठरवेना. आकडे सारखे पळत होते. शेवटी पुढची तारीख घ्या म्हणून त्यानं यंत्र आवरलं.

"काय चारलं बे याले?" मोजणीदाराकडे बोट करत भावानं सगळ्यांदेखत मला विचारलं.

माझं डोकं सणकलं. तरी सांगितलं, की सूर्यावरून वारा सुटतो, तो जोरात आला की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं, वरच्या हवेत गडबड होते आणि उपग्रहांचे संदेश भरकटतात. कालपासून तेच चालू आहे.

"आता सूर्यावर ढकलून राह्यला! उद्या म्हणशीन, चंद्रानं धुरा नेला."

"दादा, हा वारा जिथून सुटतो तो सूर्याचा भाग फिरून साधारण सत्तावीस दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येतो. त्या सुमाराची तारीख घेऊ नको."

झालं. त्यानं हट्टानं नेमकी तीच तारीख मिळवली.

त्या दिवशी यंत्र लगेच स्थिरावलं. हद्द माझ्या तुरीच्या दोन ओळी आत आली, त्या ओळींची जमीन त्याच्याकडे गेली. भावानं स्वतः दगड ठोकले. "तुया सूर्यानंच देल्लं मले," म्हणाला आणि हसला.

मी वर्गात शिकवतो, की सूर्याचं चक्र अकरा वर्षांचं. सूर्यावरचे डाग कमी होऊ लागले तरी वेगवान वाऱ्याचे झोत महिनोन् महिने टिकतात, दर फेरीला पृथ्वीचं क्षेत्र हलवतात. वर्षानुवर्षांच्या नोंदी पाहिल्या तर हे साफ दिसतं. एका ठरावीक दिवसाची हमी मात्र कोणी देत नाही.

"काऊन सांगाले गेले त्याले?" बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात गेलो आणि त्या दोन ओळींची हिरवी तूर मुळासकट उपटली. भाऊ धुऱ्यावर उभा राहून बघत होता. शेवटचं झाड उपटेपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही.