सिहोऱ्याहून निघालेली बस

फार घाबरलं की देव आठवतो म्हणतात. मला आठवला नाही. सिहोऱ्याला लेकीच्या सासरी नातीचे पिवळे पडलेले तळपाय हातात धरून बसले होते, आणि इतकी वर्षं रोज म्हटलेल्या स्तोत्रांतली एक ओळ जिभेवर येत नव्हती. देव असलाच तर तो या घरात नाही, असं त्या सकाळी मला खरंच वाटलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण ‘पहिला नातू आमच्याच घरी जन्मेल,’ असा विहीणबाईंचा हट्ट होता, आणि आम्ही मान तुकवली. झाली मुलगी. मी जबलपूरहून पोचले तेव्हा घरात सुतकासारखी शांतता होती. बाळ आठवड्याचंही नव्हतं. डोळे काविळीनं पिवळे, दूध ओढत नव्हतं, तळपायावर टिचकी मारली तरी रडत नव्हतं. जावई नोकरीला परराज्यात, त्यांचा फोन लागेना.

“काहून एवढ्या घाबरून राहिल्या तुम्ही?” विहीणबाई म्हणाल्या. “कोवळं ऊन दाखवा. पोरीची जात आहे, चिवट असते. अन् सव्वा महिन्याच्या आत आमच्यात बाळंतीण उंबरा ओलांडत नाही.”

विहीणबाई पूजेला बसल्यावर माझी लेक वैदेही माझ्या कानाशी म्हणाली, “आई, मुलगा असता तर आत्तापर्यंत गाडी निघाली असती गं.”

त्या वाक्यानं मी उठले. बाळाला दुपट्यात गुंडाळलं, लेकीच्या डोक्याला स्कार्फ बांधला आणि आम्ही भर दिवसा पुढच्या दारानं बाहेर पडलो. गावातले डॉक्टर सगळे तिच्या दिराच्या ओळखीचे. एका फोनवर तो येऊन उभा राहिला असता. म्हणून थेट बसस्टँड गाठला. वैदेहीला धड चालवत नव्हतं. मागून मोटारसायकलचा आवाज आला की मी तिला भिंतीच्या आडोशाला ओढायची.

अमावास्या होती. जबलपूरची बस नर्मदेच्या ग्वारीघाटावर स्नानाला निघालेल्या बायकांनी गच्च भरली होती. एका म्हातारीनं सरकून आम्हाला जागा दिली. मी बाळाचं सुटलेलं दुपटं पुन्हा गुंडाळू लागले. तिनं बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मोड़ी है?” मुलगी आहे का, असं ती विचारत होती.

मी मान हलवली. “पीलिया है. घर से भागकर ले जा रहे हैं, अम्मा.” हे मी का सांगून टाकलं, मला अजून कळत नाही.

बस गावाबाहेर पडते न पडते तोच एक मोटारसायकल आडवी आली. वैदेहीचा दीर. वैदेही पांढरीफटक पडली. म्हातारीनं हात पुढे केले. “मोड़ी हमें दै दो.”

अनोळखी बाई. नाव नाही, गाव नाही. पण माझ्या हातांत जोर उरला नव्हता. मी बाळ तिच्या ओटीत ठेवलं आणि तिनं वरून पदर ओढला.

दीर बसमध्ये चढला. “वहिनी, खाली उतरा. लेकरू कुठं आहे?” त्यानं वैदेहीचं मनगट धरलं. आणि नेमकं त्याच क्षणी पदराखाली बाळ रडलं. सकाळपासून ज्या रडण्यासाठी मी तळमळत होते, ते ऐकून माझं काळीज थांबलं.

“नर्मदे हर!” म्हातारी एवढ्या मोठ्यानं ओरडली की मी दचकले. लगेच सगळी बस उठली. “नर्मदे हर! नर्मदे हर!” बायका मधल्या वाटेत येऊन उभ्या राहिल्या. एकीनं शांतपणे त्याचा हात मनगटावरून सोडवला. “भैया, मैया के रस्ते में मत आओ,” ती म्हणाली. कंडक्टरनंही आवाज दिला, “उतरो जी, सवारियों को देर हो रही है.” तो उतरला. बस सुटली तरी जयघोष थांबेना.

दवाखान्यात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. बरं झालं वेळेवर आणलंत, एवढंच डॉक्टर म्हणाल्या. बसमधून उतरताना म्हातारीनं बाळ परत माझ्या हातांत दिलं होतं आणि ती घाटाकडे जाणाऱ्या गर्दीत निघून गेली. नाव विचारायचं राहिलं. ती कोण होती याचा मी शोध घेत नाही. मला ती मैयाच.

वैदेही आणि नात आता आमच्याकडे आहेत. जावई येतात, आपल्या बाळाला मांडीवर घेतात, पण आईपुढे अजून त्यांचा शब्द निघत नाही. पुढे काय होईल ठाऊक नाही, आणि भीती अजून गेलेली नाही. मात्र बाळ त्या ओटीत ठेवून माझे हात रिकामे झाले, तो क्षण मी विसरत नाही. शरण जाणं मी जन्मभर पोथीत वाचलं होतं. घडलं ते तेवढंच एकदा.

दर अमावास्येला मी ग्वारीघाटावर जाते. स्वतःसाठी आता काही मागत नाही. एवढंच म्हणते, मैये, आज कुठल्या तरी घरात एखादी पोर पिवळी पडली असेल, आणि कोणीतरी ‘पाहू’ म्हणत असेल. त्या घरातून एक बाई उठू दे. आणि रस्त्यावर तिला भरलेली बस मिळू दे.