दहापैकी दोन

फौजदारबाईचा हसणाऱ्या पेशंटवर काडीचा विश्वास नव्हता. "दुखताना हसायचं नाही," असं ती दरडावायची. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलजवळच्या एका हॉस्पिटलात ती इमर्जन्सीची नर्स होती. उंच, काळी, कपाळावर कायमची आठी. फौजदारबाई हे नाव मीच ठेवलं, आणि ठेवलं तेव्हा ते प्रेमाने ठेवलं नव्हतं.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच. चौसष्ट वर्षांची, नागपूरच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, नातवाला सांभाळायला इथे आलेली आणि जगातलं सगळं कळतं असं समजणारी. छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटत होतं, जबडा ठणकत होता, आणि मी ओवा चावत होते. मुलाने, मंदारने, हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरने विचारलं, दुखणं दहापैकी किती? आता, आयुष्यभर पंगतीत 'अर्धीच वाढा हो' म्हणत आलेली बाई मी. दहापैकी आठ सांगणं मला हावरटपणाचं वाटलं. "टू," मी गोड हसून म्हटलं. त्यानेही ईसीजीच्या भानगडीत न पडता ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. हसऱ्या, सावळ्या म्हातारीसाठी कोण धावपळ करतो!

तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, आणि समोर ही. मी पर्स पोटाशी घट्ट धरली. आत होतं काय, तर आवळासुपारी आणि एक रुमाल.

"किती?"

"टू."

"खोटं," ती म्हणाली. "दोनवाल्या बायका व्हीलचेअरवरून येत नाहीत."

मंदार मध्ये बोलायला गेला. "तुझी छाती दुखतेय का? मग गप्प बस." आणि तिने स्वतःच्या हाताने 'आठ' लिहिलं. शाळेत गुण देणारी मी. माझे गुण बदलणारी ही कोण? मी मंदारला मराठीत म्हटलं, "दुसरी नर्स मिळेल का रे?" दुसरी म्हणजे कशी, ते त्याला कळलं. त्याने मान खाली घातली. कळलं तिलाही, त्याला भाषा लागत नाही.

"गोरी हवी? बोलाव. तोवर हात पुढे कर."

मग पडद्यापलीकडे तिचा आवाज चढला. डॉक्टर गॅसचंच म्हणत होता. "माझ्या आईलाही तीन वेळा गॅसच झाला होता," ती म्हणाली. "चौथ्यांदा यायला ती उरलीच नाही. ईसीजी कर, रक्त तपास. आत्ता." हार्ट अटॅक दोन्ही तपासण्यांत सापडला. संध्याकाळपर्यंत मला स्टेंट बसला होता.

बरी झाल्यावर आभार मानायला मी तिच्याकडे लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन गेले. शनिवारी ती तिच्या चर्चच्या हॉलमध्ये बायकांचं बीपी तपासायची. तिने लोणचं चाखलं, डोळे मिटले, झाकण लावलं. "एवढं मीठ? तुझा जीव वाचवला आणि तू माझ्याच जिवावर उठलीस?" बरणी मात्र परत दिली नाही. मी शनिवारी जायला लागले ती भांडायलाच. तिथे ती प्रत्येकीचं दुखणं तिच्याच शब्दांत कागदावर लिहून द्यायची. "डॉक्टरपुढे हे वाच. लाजलीस तर परत येऊ नकोस." माझ्या कागदावर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'ही बाई सहाने कमी सांगते.'

दोन वर्षांपूर्वी ती बहिणीकडे दुसऱ्या गावी गेली होती. अंगावर नर्सचे कपडे नव्हते, गळ्यात ओळखपत्र नव्हतं. छातीत कळ आली तशी तिथल्या हॉस्पिटलात गेली आणि दहा म्हणाली. हसली नाही. कुठे दुखतंय, कधीपासून, सगळं नीट सांगितलं. त्यांनी तिला आवाज खाली ठेवायला सांगितलं, टेन्शन घेऊ नका म्हणाले आणि बाहेर बसवून ठेवलं. बाहेरच्या त्या खुर्चीतच ती गेली.

मी खोटं दोन सांगितलं, तर माझ्यासाठी भांडायला ती होती. तिने खरं दहा सांगितलं, तेव्हा तिच्या बाजूने भांडायला कुणी नव्हतं. यातून जो काही धडा घ्यायचा तो तुम्ही घ्या. मी फक्त राग घेतला, आणि तो मला छान मानवलाय.

गेल्या महिन्यात तपासणीला गेले होते. शेजारच्या खुर्चीत एक काळी बाई छाती दाबून बसलेली. "नऊ," ती म्हणाली. काउंटरवरच्या नर्सने वर न बघता तिला थांबायला सांगितलं. मी काठी आपटत उठले.

"आई, ती आपल्या ओळखीचीसुद्धा नाही," मंदार कुजबुजला. "बस ना, प्लीज."

"तुझी छाती दुखतेय का?" मी म्हटलं. "मग गप्प बस." आणि काउंटरवर जाऊन, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा मुख्याध्यापिकेच्या आवाजात विचारलं, "दुसरी नर्स मिळेल का?"