तिघांचा मसाला

विमानतळाच्या कठड्याबाहेर मी पहिल्यांदाच उभी होते. आजवर मी नेहमी आतून बाहेर आले होते, आईच्या मागे मागे ट्रॉली ढकलत, आणि कठड्याशी उभा असलेला मामा आम्हाला बघून हात हलवायचा. आम्ही सुट्टीत मस्कतहून येणारी माणसं. मामा आता विरारला राहतो, त्यामुळे या वेळी हात हलवायचं काम माझ्याकडे आलं होतं. गर्दीत हात वर करायला मला लाज वाटते. शेवटी आईनेच मला शोधलं.

"बारीक झालीस," ती म्हणाली.

टॅक्सीत बसल्यावर तिने ड्रायव्हरला रस्ता सांगायला सुरुवात केली. परळ आल्यावर ती पुढे वाकून म्हणाली, "भैया, मिल के गेट से लेफ्ट लेना."

"कौन सी मिल, माताजी?"

आईने खिडकीबाहेर पाहिलं. तिथे काचेची इमारत होती. "राहू दे," ती मला म्हणाली, "तुझा मोबाईल सांगेल तसं जाऊ दे त्याला."

मी मस्कतला जन्मले, तिथल्याच इंग्रजी शाळेत शिकले. मराठी वाचायला आईने सुट्टीच्या दिवशी, ओट्याशी उभं राहून शिकवलं. नोकरीसाठी मी परळला आले, तेव्हा सगळे म्हणाले, मुलगी मायदेशी परतली. पण माझ्यासाठी परदेश म्हणजे मुंबईच होती. पहिल्या आठवड्यात मी नाक्यावर रिक्षाची वाट बघत कितीतरी वेळ उभी होते. मुंबईच्या या भागात रिक्षा येतच नाहीत, हे मला एका फुलवालीने सांगितलं, आणि ती बराच वेळ हसत होती.

आई नुसती भेटायला आली नव्हती. बाबांची नोकरी पुढच्या वर्षी संपणार होती, आणि तिकडे नोकरी संपली की राहण्याचा परवानाही संपतो. नाशिकच्या काकांनी त्यांच्याच इमारतीत एक फ्लॅट बघून ठेवला होता. बाबांना तो पसंत होता. आई म्हणाली होती, "आधी मुंबईला जाऊन येते, मग सांगते." मला वाटत होतं, त्यांनी इथे यावं, माझ्याजवळ. पण आमच्या घरात असं कुणी तोंडाने म्हणत नाही. मी फक्त नवीन चादरी आणल्या, आणि तिच्यासाठी पोळपाट.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमध्ये असताना सोसायटीच्या गेटवरून फोन आला. "मॅडम, आपका दरवाजा खुला है. सामने से कंप्लेंट आया है." मी धावत घरी आले. दार खरंच सताड उघडं होतं, आणि समोरच्या नाईकबाई आमच्या सोफ्यावर बसून चहा पीत होत्या.

"दिवसाढवळ्या दार लावून बसायचं म्हणजे काय गं," आई मला म्हणाली. "घरात कुणी आजारी आहे का?"

नायगावच्या चाळीत आई वाढली. तिथे दार फक्त रात्री लावायचं. दिवसा लावलं तर शेजारपाजारचे चौकशीला यायचे. नाईकबाईही घोडपदेवच्या चाळीतल्या निघाल्या. तक्रार त्यांनीच केली होती, हे त्यांनी बिस्किट बुडवता बुडवता स्वतःच सांगितलं. "मला वाटलं चोरी झाली! तुमची मुलगी कधी दिसतच नाही ना."

हे मात्र खरं होतं. लिफ्टमध्ये कुणी असेल तर मी मोबाईल बघते.

शनिवारी आम्ही गिरगावला गेलो. लग्नाआधी आई तिथे टायपिंगच्या क्लासला जायची. मेट्रोचं स्टेशन झाल्यापासून तिच्या खुणा जरा इकडेतिकडे झाल्या होत्या. ती एका कोपऱ्यावर थांबायची, मान हलवायची, परत मागे यायची. मी मोबाईलवर नकाशा काढला, पण तिला क्लासचं नावच आठवेना. "कॉन्ट्रॅक्टरच्या बिल्डिंगमध्ये, वर," एवढंच. शेवटी आम्ही एका जुन्या उपाहारगृहात जाऊन बसलो. कोथिंबीर वडी आणि पीयूष (श्रीखंड आणि ताक घुसळून केलेलं गोड पेय) मागवलं. संगमरवरी टेबलाला आमच्यासमोर एक आजोबा एकटेच मिसळ खात होते.

"बाहेरगावचे का?" त्यांनी विचारलं.

मी 'हो' म्हणाले आणि आई 'नाही' म्हणाली, दोघी एकदमच.

"मग पाहुणी कोण?" आजोबा हसले.

"मीच," आई म्हणाली. "हिच्या रूमवर आलेय." ती माझ्या फ्लॅटला 'तुझी रूम' म्हणायची. मस्कतला मात्र 'घर'. मी वडी खात राहिले.

तिथून नायगाव. आईची चाळ पाडली होती. तिथे पत्र्याचं उंच कुंपण होतं, आतून खडखडाट येत होता. एका फटीतून आईने पाहिलं, मग मला पाहायला लावलं. मला लाल माती, सळ्या आणि पिवळी क्रेन दिसली.

"काय दिसलं?"

"खड्डा."

"तिथेच आमचा नळ होता," आई म्हणाली. "साधारण."

तिची चाळीतली मैत्रीण, छायामावशी, त्या जागी होणारा टॉवर पुरा होईपर्यंत जवळच भाड्याने राहते. तिने दारातच "जयभीम, जयभीम! आली गं बाई दुबईवाली!" करून आईला मिठी मारली. आईने मस्कत म्हणून दुरुस्ती केली, ती मावशीने ऐकली नाही. आम्ही आत गेलो आणि मावशीने आमच्यामागे दार लावून टाकलं. आई दाराकडे बघत राहिली.

"अगं, शिकलो आता आम्ही," मावशी म्हणाली. "एसीची हवा जाते. टॉवरमध्ये गेल्यावर तर खालून पासष्ट खिडक्या मोजत बसायचं, माझी कुठली. तू काय ठरवलंस? ये इकडे. माझ्याशी भांडायला कुणी उरलं नाही."

"बघू," आई म्हणाली.

"तुझं हे 'बघू' मी शाळेपासून ऐकतेय. सहलीला जायचं तरी बघू, लग्नाला उभी राहिलीस तरी बघू."

दोघी हसत सुटल्या. मीही हसले, पण माझं लक्ष त्या 'बघू'कडे होतं. माझ्या अनुभवात आईचं 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'.

तिची परत जायची तारीख जवळ आली, तेव्हा तिने लालबागचं नाव काढलं. उन्हाळा होता, म्हणजे वर्षाचा मसाला करायचे दिवस. इतकी वर्षं तो मामी कुटून घ्यायची आणि मस्कतला येणाऱ्या कुणा ना कुणाबरोबर पाठवायची. आमच्या स्वयंपाकघरात मसाल्याचा डबा उघडला की दर वेळी आई एकदा वास घ्यायची, मग चमचा घालायची. लालबाग मला त्या वासापुरतंच माहीत होतं.

त्या गल्लीत पाऊल टाकताच मला शिंका सुरू झाल्या. पोत्यापोत्यांतून मिरच्या, रंगाला बेडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला लवंगी. आई मिरची मोडून बघत होती, हुंगत होती, नाकारत होती.

"ताई, परदेशी न्यायची का?" दुकानदाराने विचारलं. "देठ काढलेली देतो."

"देठासकट दे. काढेन मी. देठ काढलेली जुनी पण खपते, मला शिकवू नकोस."

"बरं बरं. आईसाहेब लालबागच्याच दिसतात. किती माणसांचा करायचा?"

इथे आई क्षणभर थांबली. "तिघांचा," ती म्हणाली. "वर्षाचा."

मला वाटलं, सवयीने म्हणाली. मस्कतला आता दोघंच तर होते.

मिरच्या, धणे, दगडफूल, नागकेशर, सगळं भाजून झाल्यावर आम्ही डंखासमोर (मसाला कुटायच्या यंत्रासमोर) स्टूल टाकून बसलो. आपल्या मसाल्यात दुसऱ्याचा मिसळू नये म्हणून नजर ठेवायची असते. लोखंडी मुसळं दणादण आपटत होती. माझे डोळे वाहत होते, आणि मी ते चुकून मिरचीच्याच हाताने पुसले. मग काय! एक बाई धावत पाणी घेऊन आल्या, दुसऱ्या म्हणाल्या, "रुमाल ओला कर, चोळू नकोस गं बाळा." अनोळखी बायकांच्या घोळक्यात मी डोळे मिटून उभी होते, आणि आई सगळ्यांना सांगत होती, "माझी मुलगी. इथेच असते, परळला." तिच्या आवाजात जरा तोरा होता. तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

निघायच्या सकाळी मी मसाला बांधायला घेतला. मस्कतला येणारी माणसं आणायची तसाच, पिशवीत पिशवी, वर चिकटपट्टी. आई आंघोळ करून आली. तिने माझ्या हातून सगळं काढून घेतलं, एक लहान पुडी भरली आणि बॅगेत टाकली.

"एवढा पुरे. थोडेच महिने काढायचेत तिकडे."

"आणि बाकीचा?"

"बाकीचा घरात राहू दे. बरणीत भर, दाबून. वर हिंगाचा खडा ठेव, नाहीतर किडे होतील. ओला चमचा घालायचा नाही."

मी बरणी पुसत राहिले. वर बघितलं असतं तर रडू आलं असतं.

"बाबांना?" मी विचारलं.

"त्यांना मी सांगते. तू मध्ये पडू नकोस." मग बॅगेची चेन ओढत, "ते नाशिकचं धरून बसलेत. पण मसाला इथे आहे म्हटल्यावर येतील मागे मागे."

विमानतळावर ती आत गेली आणि काचेपलीकडून तिने हात हलवला. मीही हलवला. चांगला वर करून.

परतताना टॅक्सी परळला वळली आणि ड्रायव्हरने विचारलं, पुढे कुठून. मी मोबाईल न बघता सांगितलं. लहानपणी सुट्टी संपवून निघताना आम्ही सगळ्यांना सांगायचो, घरी चाललो. ते वाक्य त्या दिवशी कुठल्या दिशेचं आहे, हे मला ठरवता येईना, आणि त्याचं विशेष वाईटही वाटलं नाही.

फ्लॅटमध्ये मसाल्याचा वास भरून राहिला होता. तो जरा बाहेर जावा म्हणून मी दार उघडं ठेवलं आणि चहा टाकला. दूध वर येतंय तोवर गेटवरून फोन आला.

"मॅडम, दरवाजा खुला है."

"हां भैया, मालूम है," मी म्हणाले, आणि नाईकबाईंचा कप काढला.