शेपूट येईपर्यंत

क्लबात त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. शेपूट म्हणत. रविवारी सगळ्या मोटरसायकली ओळीनं निघाल्या की सगळ्यांच्या मागं हा. क्लबाचा नियमच होता तसा. वळण लागलं की पुढच्यातल्या एकानं कोपऱ्यावर थांबायचं, मागच्यांना हातानं रस्ता दाखवायचा, आणि शेपूट आल्याशिवाय कोपरा सोडायचा नाही. शेपूट आलं म्हणजे सगळे आले.

मान होता तो, नाही असं नाही. पण मानानं गुडघे थोडेच बरे होतात? कुणाची चेन उतरली, थांबायचं यानं. कुणाचं पंक्चर, हात काळे याचे. धूळ सगळ्यांची, खायची एकट्यानं. आठवडाभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना वाफेची इस्त्री करून खांदे भरून यायचे, आणि सुट्टीच्या दिवशी परत हे. बायको म्हणायची, "अहो, गाडी आपली आणि हमाली गावाची."

तिच्या भावाचा गाडीवर कधीपासून डोळा होता. त्या रविवारी संध्याकाळी तो गाडी बघायला येणार होता. गाडी गेली की क्लब आपोआप सुटेल, कुणाला तोंडावर सांगायला नको, असं यानं मनाशी ठरवलेलं. नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. शेपूटही तो असाच झाला. पहिल्याच फेरीला कुणीतरी म्हणालं, मागं राहतोस का? हा म्हणाला, राहतो. ते आजतागायत.

त्या सकाळी लाकडाच्या वखारीपुढं चढ लागला. शेवटच्या गाडीचा लाल दिवा चढापलीकडं गेला आणि याचा गुडघा ठणकायला लागला. तो थांबला. शेपटाकडं वळून कोण बघतंय? त्यानं हँडल घराकडं वळवलं, घरी येऊन फोन बंद केला आणि बूट न काढताच आडवा झाला.

दुपार कलल्यावर बायकोनं हलवून उठवलं. तिच्या फोनवर क्लबाची अध्यक्षीण होती, शाळेची बस चालवणारी. तुमचे हे कुठं पडलेत का म्हणून आम्ही रस्त्याकडेची गटारं धुंडाळतोय, असं ती सांगत होती. बायको भाबडेपणानं म्हणाली, "ते होय? ते झोपलेत."

मग अध्यक्षीण म्हणाली की बरं झालं, आता तेवढं क्लबातल्या शिंप्याला कळवायला हवं. तो सकाळपासून पुलाच्या कोपऱ्यावर आहे. गाडीवर निघाला की फोन घरी ठेवतो, आणि शेपूट आल्याशिवाय हलणार नाही म्हणतो.

यानं तोंडावर पाणी मारलं. "मीच जातो म्हणावं," एवढंच बायकोला म्हणाला.

शिंपी पुलाच्या कठड्यावर बसला होता, हेल्मेट मांडीवर उलटं धरून. उन्हानं नाक सोललेलं. याला बघून तो उठला नाही.

"हत्ती गेला रे," तो म्हणाला, "शेपूट तेवढं राहिलं होतं."

याला हसू आलं नाही. "घरी गेलो होतो. झोपलो होतो."

"मला वाटलं, मेलास." शिंप्यानं मांडीवरचं हेल्मेट सुलटं केलं. "बरं झालं झोपलास."

"वैतागलोय मी. गाडी मेहुण्याला देऊन टाकतोय."

"मागं राहून वैतागलास, का गाडीला?"

यानं हँडलवरची धूळ पुसली. शिंपी हेल्मेट चढवत म्हणाला, "गळा आवळतोय म्हणून मान नाही कापत कुणी. बटण काढतात. कधी बोललास का आम्हाला?"

नव्हता बोलला.

"हो पुढं," शिंपी म्हणाला. "आज शेपूट मी."

तो पुढं निघाला. सवयीनं नजर पुढच्या पाठी शोधत होती, आणि पुढं नुसता रस्ता. खांदे दुखतच होते. पहिल्या वळणावर त्यानं पाय टेकला, कोपऱ्यावर उभा राहिला, शिंपी मागून येईपर्यंत. मग बायकोला फोन लावला.

"तुझ्या भावाला सांग, आज गाडी घरी नाही."

"मग उद्या पाठवू त्याला?"

त्याची जीभ सवयीनं हो म्हणायला उचलली होती.

"नाही गं," तो म्हणाला.