तीन सुट्या गोळ्या

‘माल आला नाही,’ असे मी त्याला सांगितले, तेव्हा निकोटीनच्या गोळ्यांची पट्टी माझ्याच खणात पडलेली होती. ही गोष्ट मी कित्येक वर्षे कोणाजवळही बोललो नाही.

आमगावात माझे औषधांचे दुकान आहे. बिडी सोडू पाहणाऱ्यांना औषधविक्रेत्याने कसे सावरावे, याचे प्रशिक्षण मी घेतले होते. आठवड्यातून एकदा माणसाला समोर बसवायचे, त्याचे ऐकायचे, तलफ अनावर झाली तर चघळायची गोळी द्यायची. एवढ्या कामाने एखाद्या घराचा पुढचा दवाखान्याचा केवढा खर्च वाचतो, हे मी दुकानदारांच्या बैठकीत तळमळीने मांडत असे.

तो जवळच्या खेड्यातला, धानाची शेती करणारा. त्याची बायको घरी बिड्या वळायची. पैसे वाचतील, हा माझा ठरलेला मुद्दा त्याने पहिल्याच भेटीत हसत मोडून काढला.

"डाक्टरसाब, घरचीच फॅक्टरी हाय. मले बिडी फुकट भेटते. दुसरं काई सांगा."

"मग सोडता कायले?"

"पोरगी जवळ येत नाई. म्हणते, बाबा, तुमचा वास येते."

बिड्यांच्या सुपाशेजारी जेवून, झोपून त्याने बिडी सोडली. रोवणीपर्यंत, म्हणजे धानाची लावणी सुरू होईपर्यंत, टिकला. मग एका दुपारी, पायांचा चिखलही न धुता, तो दुकानात आला. बांधीत, धानाच्या खाचरात, सगळ्यांनी बिड्या पेटवल्या होत्या.

"तीनच गोळ्या द्या. पैसे तेवढेच हायेत. जीव निघून राहिला माहा."

पट्टी फोडली तर उरलेल्या गोळ्या कोण घेणार, हा विचार मला आधी सुचला. त्याचा चेहरा नंतर दिसला. मी खोटे बोललो आणि त्याच पैशांत खोकल्याच्या औषधाची लहान बाटली त्याच्या हातात ठेवली. पुढच्या आठवड्यात तो आला नाही. मीही निरोप धाडला नाही. ती अखंड पट्टी मुदत संपून कचऱ्यात गेली.

काही वर्षांनी त्याची बायको त्याच्यासाठी श्वासाचा पंप न्यायला येऊ लागली. प्रत्येक पंपावर मला नफा मिळतो. बैठकीत मी जो खर्च वाचवायला सांगत होतो, तो आता माझ्याच गल्ल्यात जमा होत आहे. किंमत कमी केली, तर ती हात जोडते; ते अधिकच सोसवत नाही.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, "त्याहिले आता उठवत नाई." पंप घेऊन मी स्वतः गेलो. तो खाटेवर, गुडघ्यांवर हात रोवून, पुढे वाकून बसला होता. प्रत्येक श्वास शिटीसारखा वाजत होता. आता करण्यासारखे माझ्याजवळ काहीच उरले नव्हते, आणि तरी मला पाहून तो हसला. शेजारी बसलेल्या मुलीला तुटक शब्दांत सांगू लागला,

"याहिनं... लय कोशिश केली माह्यासाठी. मालच... नोयता आला. ते तरी का करतीन?"

मी खाटेजवळ जमिनीवरच बसलो.

"माल होता," मी म्हणालो. "तीन गोळ्यांसाठी पट्टी फोडायची नव्हती, म्हणून मी तुमच्याशी खोटं बोललो. चुकलो मी, भाऊ. मला माफ करा."