पांढऱ्या पताकांखालून आलेली नणंद

माझी नणंद सीलावती पडद्यावर निरुपमा होती. ती रडली की सबंध सिंहल मुलूख रडायचा, आमचं घर सोडून. ठरलेलं लग्न मोडून ती कोलंबोला सिनेमात गेली, तेव्हा आमच्या ह्यांनी सांगून टाकलं, "माझ्यापुरती ती मेली." शब्दाचे भलते पक्के! तिचा सिनेमा जवळच्या कंबुरुपिटियाला लागला की त्या रस्त्यानं बाजारालाही जायचे नाहीत.

ती मात्र दर नव्या वर्षाला विड्याची पानं घेऊन थोरल्या भावाच्या पाया पडायला यायची. हे मागच्या दारानं नारळीच्या बागेत पळायचे. पानं मी घ्यायची, जेवायला मी वाढायची. जाताना ती म्हणायची, "वहिनी, एकदा त्याच्या हातात द्यायचीत गं." ह्यांचं म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय!

यंदा नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी गावभर फोटो फिरला. निरुपमाच्या तसबिरीला हार, पुढं दिवा. मी फोन लावला, तर बंद. मेलेल्या माणसाचा बंदच असणार.

हे मटकन खाली बसले. मग उठले ते वेड्यासारखे. रस्त्यापासून दारापर्यंत मर्तिकाच्या पांढऱ्या पताका लावल्या, विहारातल्या भंतेंना तिच्या नावानं घालायच्या दानाच्या जेवणाचं सांगून आले. "तिला घरी आणायचं," म्हणाले, "माझी धाकटी आहे ती." इतकी वर्षं कुठं होती ही धाकटी, देव जाणे. मर्तिकाला मदत करणाऱ्या गावच्या मंडळानं मांडव घातला, खुर्च्या मांडल्या. मंडळाचे विमलदास असल्या कामाला कधी उशीर करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी, नव्या वर्षाच्या दुपारी, दारात रिक्षा थांबली. पानं सांभाळत सीलावती उतरली, वर पताका बघितल्या आणि घाबरून म्हणाली, "वहिनी, कोण गं गेलं? दादा बरा आहे ना?"

विमलदासच पुढं होऊन म्हणाले, "बाई, तुम्हीच."

"मी होय? मालिकेत मेले मी काल. फोन बिघडलाय, कुणी विचारणार तरी कसं?"

ह्यांनी मागच्या दाराकडं बघितलं. तिथं दानाच्या भाताची पातेली चढलेली, बायका बसलेल्या. पळायला वाट नव्हती.

ती खाली बसली, पानं पुढं केली.

"मेलेल्या माणसाच्या हातची पानं घेत नाहीत," हे गुरगुरले. ती तशीच वाकून राहिली. तिचे पिकलेले केस ह्यांनी इतक्या जवळून कधी पाहिलेच नव्हते. हात हळूच पुढं आले आणि पानं घेतली.

विमलदास ह्यांच्याकडं बघून खाकरले. "पियरत्न, मग आता या खुर्च्या नेऊ का?"

"राहू देत. पताका तेवढ्या काढा. बहीण आलीय माझी."

तेव्हा ती रडली. सिनेमात तिचा एक थेंब गालावरून कसा ऐटीत ओघळायचा. इथं नाक गळत होतं, तोंड वाकडं झालेलं, पदरात हुंदका मावत नव्हता. असलं रडणं बघायला कुणी तिकीट काढलं नसतं. हे मात्र बघत राहिले, पहिल्यांदाच.