त्र्यंबकरावांची गरिबी

म्युनिसिपालिटीची निवडणूक जाहीर झाली आणि कल्याणच्या त्र्यंबकराव वकिलांना एकाएकी गरिबीची गरज भासू लागली. वडिलांची भातशेती, ठाण्याच्या कोर्टात वकिली, दारात छकडा. अशा माणसाने सभेत रडवायचं कुणाला?

मग त्यांना श्रीपाद आठवला. श्रीपाद शाळेत पंतोजी. लहानपणी वार लावून शिकलेला. रोज वेगळ्या घरी जेवायचा. मंगळवार त्र्यंबकरावांकडे असे. त्याची आई रखमाबाई तेव्हा लोकांची दळणं दळी. आता फक्त त्र्यंबकरावांकडचं दळी, जुन्या अन्नाला जागून.

"अरे श्रीपाद, तुझं लहानपण सांग की जरा. भाषणात घालीन म्हणतो," म्हणत त्र्यंबकराव श्रीपादच्या ओटीवर येऊन बसले. कधी नव्हे ते. श्रीपादने सगळं सांगितलं. विसरलेलं रखमाबाईने दाराआडून पुरवलं.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "तुझं नाव घेतील हो सभेत. कळू दे चार लोकांना, कसे दिवस काढलेस ते."

उभ्या जन्मात तिने कुणाकडून काही मागितलं असेल तर एवढंच.

पारनाक्याजवळच्या देवळात सभा भरली. त्र्यंबकरावांनी उपरणं सावरलं.

"सभ्य गृहस्थहो, मी वार लावून जेवलेला पोरगा आहे."

श्रीपादला वाटलं, बोलण्यात चुकले. आता सुधारतील.

"माझी माउली लोकांची दळणं दळायची. हातांना घट्टे पडले तिच्या!"

त्या माउलीच्या हातांत सोन्याच्या पाटल्या होत्या, हे साऱ्या आळीला ठाऊक. तीच आळी डोळे पुसत होती.

"एकादशीला कुणी वरीचे तांदूळ वाढी, वर तुपाची धार..."

"छट्!" श्रीपादच्या तोंडून निघून गेलं. "एकादशीला घरचे फराळ करतात. वार लावलेल्या पोराला कोण बोलावतंय? ते उपाशीच!"

साऱ्या माना श्रीपादकडे वळल्या. त्र्यंबकरावांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते.

"माझ्या बाळमित्राने वर्मावर बोट ठेवलं. लाजेपायी लपवीत होतो, गृहस्थहो. एकादशीला मी उपाशी असे."

आता तर पुढच्या रांगेतले सावकारही रडले.

घरी रखमाबाई वाट पाहत होती. "घेतलं का रे नाव?"

श्रीपादने भाषण जसंच्या तसं सांगितलं. तिने आपले तळहात दिव्यापाशी धरून पाहिले.

सकाळी वकिलांकडची सखुबाई डोक्यावर तांदळाची पाटी घेऊन आली. रखमाबाईने ती ओटीवर टेकूसुद्धा दिली नाही.

"परत ने."

"असं काय काकू? घरात पीठ नाय. मोठ्या बाई खोळंबल्यात."

"त्यांनाच दळायला सांग. चांगल्या दळतात म्हणे, काल भर सभेत सांगितलंय त्यांच्या लेकाने. पाटल्या तेवढ्या काढून ठेवा म्हणावं, जात्याच्या खुंट्याला अडकतात."